मदत हवी आहे : मुलाचे दांडीवाले बूट लहान झाले, सोलापुरात फुकट कुठं मिळतील?

लूमवाला_विडीघरकुल :
नमस्कार. मुलाचे दांडीवाले बूट (दोन बुटांच्या मधे दांडी असते ते) लहान झालेत, नवीन जोडी कुठं मिळेल अर्जंट सांगा. दुकानात विचारलं तर असलं काय नसतं म्हणाले. एका डॉक्टरला दाखवलं तर ते डायरेक्ट ऑपरेशन म्हणतायत, खर्च ऐकून बायको दोन दिवस नीट जेवली नाही. कुठला ट्रस्ट असेल तर सांगा लवकर.

जुळेसोलापूर_आई :
दादा, क्लबफूटचे, म्हणजे जन्मतः आत वळलेल्या पायाचे बूट का? वय किती, एक पाय की दोन्ही, प्लास्टर किती झाले? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

अक्कलकोटकर :
जयपूर फूटला जा. माझ्या मामांना तिथंच पाय बसवला, राहणं जेवण सगळं फुकट, १९७५ पासून चालू आहे ती समिती.

जुळेसोलापूर_आई :
अहो काका, ते पाय कापलेल्यांसाठी. या बाळाला पाय आहे, तो आत वळलाय.

अक्कलकोटकर :
कॅलिपरपण देतात पोलिओवाल्यांना. उगाच नाही म्हणू नका.

बार्शीचा_बाळू :
मुंबईत हाजीअलीच्या अपंग पुनर्वसन संस्थेत दाखवा, केंद्र सरकारची आहे. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडायची, सकाळी दादर. रिझर्वेशन मात्र आधी करा, जनरलला पाय ठेवायला जागा नसते.

लूमवाला_विडीघरकुल :
मुंबईला चार दिवस गेलो तर पगार कोण देणार वो, लूमवर खाडा धरतात. पोरगा चौदा महिन्यांचा, दोन्ही पाय. सहा प्लास्टर झाले मग टाचेमागची शीर कापली, पाय एकदम सरळ झाले होते. बूट रात्री घालायचो, दोन महिन्यांपूर्वी बोटं दुमडायला लागली, रडून घर डोक्यावर घ्यायचा म्हणून बंद केले. आता उजवा परत आत येतोय, उभा केला की बाहेरच्या कडेवर टेकवतो.

माई६२ :
तिळाचं तेल कोमट करून रोज चोळा, आमच्या नातवाचा पाय तसाच सुटला.

जुळेसोलापूर_आई :
माई, राग मानू नका पण चोळून हा पाय सरळ राहत नाही. दादा, बूट सुटले म्हणूनच पाय वळतोय. हे बूट चार-पाच वर्षांचा होईपर्यंत रात्री लागतात, माझ्या मुलीचं तेच झालं होतं, परत प्लास्टर केले, पाय बसला, मग नवे बूट. म्हणून मोठ्या ऑपरेशनला हो म्हणण्याआधी सिव्हिलला हाडांच्या ओपीडीत दाखवा, परत प्लास्टरनं होईल का तेच आधी विचारा. क्युअर इंडिया संस्था सरकारी हॉस्पिटलांबरोबर क्लबफूटचंच काम करते, बूट फुकट देते, त्यांचा क्लिनिकचा वार विचारा. अंगणवाडीच्या ताईंनाही सांगा, आरबीएसकेच्या (मुलांची सरकारी आरोग्य तपासणी) पथकाच्या यादीत हा आजार आहे, चिठ्ठी मिळते. आणि बुटाला मागं भोक असतं बघा, टाच तिथं खाली टेकलेली दिसली पाहिजे.

मोहोळ_एसटी :
अपंग सर्टिफिकेट काढलं का? एसटीला सवलत आहे.

लूमवाला_विडीघरकुल :
सर्टिफिकेट नंतर बघू. ताई, आत्ता जुना बूट घालून भोकात बोट घातलं, टाच लागतच नाही, पोकळ आहे. हे कुणी सांगितलंच नव्हतं. सोमवारी सुट्टी टाकतो. काय काय घेऊ?

जुळेसोलापूर_आई :
फाईल, जुने बूट, आधीच्या प्लास्टरचे कागद. सकाळी लवकर रांगेत उभं राहा. दूध बाटलीत वेगळं ठेवा, वहिनींना सांगा आधी पाजू नका. त्याच दिवशी प्लास्टर करायचं ठरलं तर तेव्हाच तोंडाला लावायची, पोर दूध पिताना पाय सैल सोडतं.