केशवसुत, केशवकुमार, गोविंदाग्रज : नावातला माणूस नेमका कोण?

प्रश्न : 'केशवसुत' आणि 'केशवकुमार' हे एकच कवी का? दोन्हींचा अर्थ 'केशवाचा मुलगा' असाच होतो ना?

अर्थ तोच, पण केशव दोन. केशवसुत म्हणजे मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले (१८६६–१९०५), 'तुतारी'चे कवी. केशवकुमार म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे, 'झेंडूची फुले'मधून विडंबनाला मानाची जागा मिळवून देणारे. सुत आणि कुमार, दोन्ही षष्ठी तत्पुरुष. केशव हे दोघांच्याही वडिलांचे नाव, कवीचे नव्हे. म्हणून या दोघांपैकी कोणाचा 'कवी केशव' असा उल्लेख कुठे दिसला तर तो चूकच समजावा.

त्या दोन-तीन पिढ्यांत केशवांची मुले मराठीत बरीच भेटतात. 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) लिहिणारे मोरो केशव दामले हे केशवसुतांचेच धाकटे भाऊ. रविकिरण मंडळ या कवींच्या गटातले 'गिरीश' म्हणजे शंकर केशव कानेटकर. गिरीश हे शंकराचेच नाव, त्यामुळे त्यांनी वडिलांचे नाही, स्वतःचेच नाव पर्यायाने घेतले. 'माधव' म्हणजे माधव केशव काटदरे.

या माधवांपाशी जरा थांबायला हवे. काटदरे नुसते 'माधव'. माधव त्र्यंबक पटवर्धन 'माधव जूलियन'. आणि 'माधवानुज' म्हणजे काशीनाथ हरि मोडक. अनुज म्हणजे मागून जन्मलेला, धाकटा भाऊ. म्हणजे तिसऱ्या कवीचे नाव माधव नाहीच, ते त्यांच्या भावाचे. जुन्या मासिकातली कविता कोणाची हे ठरवताना टोपणनाव पूर्ण वाचले नाही तर एकाचे श्रेय दुसऱ्याला जाते.

प्रश्न : मग गोविंदाग्रज आणि कवी गोविंद यांचे नाते काय?

नाते काहीच नाही. गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी (१८८५–१९१९). धाकटा भाऊ गोविंद, त्याचा अग्रज, म्हणजे आधी जन्मलेला. 'गोविंद नावाचा थोरला भाऊ' असा विग्रह काही जण करतात, त्याने सगळेच उलटे होते. कवी गोविंद म्हणजे नाशिकचे गोविंद त्र्यंबक दरेकर, 'रणाविण स्वातंत्र्य कोणा मिळाले' या गीताचे कर्ते. त्यांचे ते खरे नाव.

कुसुमाग्रज याच वळणाचे नाव, पण मला ते सर्वांत आवडते, कारण त्यात भाऊ नाही, वडील नाहीत, बहीण आहे. कुसुम या बहिणीचा थोरला भाऊ. जन्माचे गजानन रंगनाथ शिरवाडकर दत्तक गेल्यावर विष्णु वामन झाले. 'नटसम्राट'वर वि. वा. शिरवाडकर, 'विशाखा'वर कुसुमाग्रज. एका नावात दत्तक वडील, दुसऱ्यात बहीण. आपल्याकडे ओळख बापाच्या नावाने लावायची इतकी सवय असताना बहिणीच्या नावाने कविता लिहिणे ही फार सुंदर गोष्ट वाटते.

प्रश्न : 'केशवसूत' असेही छापलेले दिसते. ते चालते का?

नाही. सुत म्हणजे मुलगा, सु ह्रस्व. सूत म्हणजे कापसाचा धागा, आणि संस्कृतात सारथी. कर्णाला सूतपुत्र म्हणतात तो हा सूत. मराठीत अकारान्त शब्दाचे उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचे, इकार-उकार दीर्घ लिहितात, पण गुण, विष यांसारखे तत्सम शब्द मुळाप्रमाणे ह्रस्वच राहतात, आणि सुत त्यांपैकीच. बोलताना आपण शेवटचा 'अ' गिळतो, त्यामुळे 'सु' लांबतो आणि कानाला सूतच ऐकू येते; चूक तिथून येते. रूपे चालवताना 'केशवसुतांनी', 'केशवसुतांची कविता' असे आदरार्थी बहुवचन ठेवावे.