रोज सुकामेवा खाल्ल्यानं आयुष्य वाढतं का?

प्रश्न – निगडीची_सून
सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. हाडांची घनता कमी निघाल्यापासून रोज रात्री वाटीभर बेदाणे भिजत घालतात. शंभरी गाठायची तर हेच खा, असं कुणीतरी मोबाइलवर पाठवलंय. शुगर काठावर आहे. त्यांचं मन मोडवत नाही, पण धास्ती वाटते. यात तथ्य किती?

उत्तर – आहारतज्ज्ञ_ठाणे
आयुष्याची हमी कुणीच देऊ नये. अमेरिकेतल्या परिचारिका आणि पुरुष आरोग्य-व्यावसायिकांच्या मोठ्या पाहणीत (२०१३) रोज अक्रोड, बदाम, शेंगदाणे खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २० टक्के कमी दिसलं. तिथे बेदाण्यांचा प्रश्नच नव्हता. शिवाय अशी माणसं एरवीही तब्येत सांभाळणारी असतात. हाडांसाठी मात्र पुरावा आहे, तो प्रूनचा, म्हणजे सुकवलेल्या आलुबुखाराचा. पाळी थांबलेल्या २३५ स्त्रियांवरच्या वर्षभराच्या चाचणीत रोज ५० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा प्रून खाणाऱ्यांची खुब्याच्या हाडाची घनता टिकली, न खाणाऱ्यांची घटली. तो गुण बेदाण्याला चिकटवू नका. प्रूनमध्येही साखर आहेच, म्हणून शुगर तपासत राहा.

उत्तर – बेदाणा_बागायतदार
ताई, आमची तासगावजवळ बाग आहे. साधारण चार किलो द्राक्षं सुकली की एक किलो बेदाणा उतरतो. पाणी उडतं, साखर तिथंच राहते. १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅमच्या आसपास. वाटीत १०० ग्रॅम मावत असतील तर आजी रोज ४०० ग्रॅम द्राक्षांची साखर घेतायत. वाटी नको, दोन चमचे द्या, तेही चहासोबतच्या बिस्किटांच्या जागी. बेदाणा माझं पोट भरतो, तरी हे सांगतोय. आणि पिवळ्याधमक मालाला भुलू नका. तो रंग टिकायला गंधकाची धुरी देतात. दमेकऱ्यांना त्याचा त्रास होऊ शकतो. घरच्यासाठी मी धुरी न दिलेला तपकिरीच ठेवतो. बाजारात त्याला भाव कमी, पण खायला तोच चांगला.

निगडीची_सून
दोघांचेही आभार. दोन चमच्यांवर त्या तयार होतील. मागच्या रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी रक्तात तपासतात ते, थोडं वाढलेलं होतं. त्याचा काही संबंध?

आहारतज्ज्ञ_ठाणे
हो, आहे. १०० ग्रॅम बेदाण्यांत पोटॅशियम ७५० मिलिग्रॅमच्या घरात असतं, प्रूनमध्येही भरपूर. मूत्रपिंड मंदावलं असेल तर ते रक्तात साठतं. आधी डॉक्टरांना तो रिपोर्ट दाखवा. तोवर प्रून आणू नका.