मदत हवी आहे: आजीचं तोंडाचं दुखणं व्हिडिओ कॉलवर दाखवता येतं का? लवकर सांगा

नारायणपेठी_सई:
आजीला चार दिवस खालच्या हिरडीत ठणका आहे, काल दिवसभरात दोन चमचे पेज गेली पोटात. तिसरा मजला, लिफ्ट नाही, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती जिना उतरलेलीच नाही. एका क्लिनिकला फोन केला तर पेशंटला घेऊन या म्हणाले आणि ठेवला. फोटो पाठवून किंवा व्हिडिओवर दाखवून कुणाचं काम झालंय का? रात्रभर कण्हत असते.

कोथरूडकर_बंड्या:
लवंगेचं तेल लाव कापसाने. आमच्या आईला लगेच फरक पडला.

दातांची_डॉक्टर:
तेल नुसतं हिरडीला लावू नका, भाजतं. सई, वय किती? कवळी आहे का? सूज, ताप? गिळायला त्रास? शुगर? कुठल्या गोळ्या चालू आहेत?

कोथरूडकर_बंड्या:
काही भाजत नाही, आमच्याकडे तीन पिढ्या वापरतात.

सातारारोड_काका:
मी ७१. सरळ इम्प्लांट करून घेतले, आता चिक्की खातो. कवळीच्या भानगडीत पडू नका.

नारायणपेठी_सई:
काका, इम्प्लांटचं कुठे विचारलंय मी? वय ८६. वर-खाली कवळी, खाली पुढचे दोन दात तेवढे स्वतःचे. शुगर नाही, ताप नाही, गिळता येतंय, रक्त पातळ करायची गोळी आहे. फोटोत नुसता अंधार येतोय.

पाषाणचा_मिहीर:
वडिलांचं असंच केलं होतं. सेल्फी कॅमेरा नको, मागचा वापर, दुसऱ्या फोनचा टॉर्च बाजूने धर, चमच्याच्या दांड्याने गाल हलकेच बाजूला कर आणि आधी स्वच्छ कापडाने लाळ टीप. दोन माणसं लागतात. तोंडात घालायचा वायफाय कॅमेरा पण मिळतो, तो मागव.

दातांची_डॉक्टर:
कॅमेऱ्यासाठी थांबू नका, एवढ्याला फोन पुरतो. कवळी काढून फोटो घ्या, कवळीचाही आतल्या बाजूने घ्या. हाड झिजलं की कवळी सैल होते आणि कडा रुतते. असं असेल तर फोटोत कळतं, पण कड घासायला माणूस घरीच यावा लागतो, ते व्हिडिओवर होत नाही. तोवर कवळी काढूनच ठेवा, पाण्यात. रक्ताची गोळी मनाने बंद करू नका.

पेठेतला_जुना:
नारायण पेठेत अजून बिनलिफ्टच्या बिल्डिंगी? रिडेव्हलपमेंटचं काय झालं? आमच्याकडे आठ वर्षं नुसत्या मीटिंगा.

धायरी_मृणाल:
धागा आजीचा आहे हो. सई, धनकवडीला भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, घरी कुणी पाठवतात का फोन करून विचार.

नारायणपेठी_सई:
कवळी काढली. आत डाव्या बाजूला लालभडक रेघ आहे, बरोब्बर कडेच्या खाली, आणि मध्ये एक पांढरट ठिपका. कवळी नसताना मऊ भात गेला चार घास!! आणि एक राहिलंच, दर रविवारी उपाशीपोटी हाडांची गोळी घेते ती. त्याचा काही संबंध आहे का?

दातांची_डॉक्टर:
हेच आधी हवं होतं. किती वर्षं घेते? त्या गोळीवर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडतं. पांढरा ठिपका मऊ आहे का हाडासारखा टणक? टोचून बघू नका, जवळून फोटो काढा. टणक वाटला तर रुग्णवाहिका करून का होईना, समोर दाखवावंच लागेल. मऊ असला तरी दोन आठवड्यांत भरला नाही तर तेच. आणि कुणी दात काढायचं म्हणालं तर आधी ही गोळी सांगा.

नारायणपेठी_सई:
सहा वर्षं झाली. फोटो संध्याकाळी टाकते, आत्ता चार दिवसांनी पहिल्यांदा डोळा लागलाय तिचा.