टायरमधली हवा आणि खडबडीत रस्त्यावरची रेस

दगडगोट्यांच्या रस्त्यावर पंक्चर टाळायचं तर सायकलचे टायर टम्म फुगवून घ्या असा सल्ला काही जण देतात, तो मला अजिबात पटत नाही. मी पहिल्या रेसला नेमकं हेच केलं होतं, ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली आणि खडीच्या उतारावर सायकल नुसती उड्या मारत होती, पुढचं चाक टेकेचना, ब्रेक दाबला की घसरायचं, हातांना इतके दणके बसले की शेवटी बोटं बधिर होऊन गिअरसुद्धा नीट टाकता येईना. आता ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला टायर) आहे, आत सीलंट (छोटी भोकं आपोआप बुजवणारा द्रव), हवा पुढे २२ मागे २४ पीएसआय, माझं वजन ७० किलो आहे त्या हिशोबाने, जड माणसाने थोडी जास्त ठेवावी. टायर दगडावर दबला की त्याचा आकार घेतो, म्हणून पकड मिळते आणि उसळण्यात वाया जाणारा जोरही वाचतो. ट्यूब असेल तर मात्र इतकी कमी नको, रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चिमटते आणि साप चावल्यासारखी दोन भोकं शेजारी शेजारी पडतात.

अजून एक, उतारावर सीट खाली, दोन्ही पेडल एका पातळीत, कोपर-गुडघे सैल आणि नजर लांब पुढे. खड्ड्याकडे बघत राहिलात की चाक तिथेच जातं, खरंच! ब्रेक खड्ड्याच्या आधी मारायचा, खड्ड्यात सोडून द्यायचा. आणि कृपया नवीन टायर रेसच्या दिवशी पहिल्यांदा लावू नका, आधी दोन-तीन राइड करून बघा.