फायर स्टेशनसाठी किती पैसे घ्यायचे हे ठरवायचं कोणी?

ब्रेंटवूडचा_बाळू:
प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलंय, पहिला हप्ता 10 डिसेंबरच्या आत भरायचाय. बायकोने सहज विचारलं यातले फायरवाल्यांना किती जातात, तर मला सांगताच येईना, म्हणून हा धागा.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियातली कॉन्ट्रा कोस्टा काउंटी, तिचा पूर्वेकडचा भाग म्हणजे ब्रेंटवूड, ओकली, डिस्कव्हरी बे (तुम्ही सगळे उन्हाळ्यात चेरी तोडायला येता ना, तोच). इथे वेगळं फायर डिस्ट्रिक्ट (आग विझवणारी स्वतंत्र सरकारी संस्था) होतं, 249 चौरस मैल, लाखाच्या वर माणसं, आणि आठ स्टेशनांची होत होत उरली तीन. कारण एकच, पैसे नाहीत. 2012 ला घरटी वर्षाला 200 डॉलरच्या आसपास टॅक्स मागितला, मतदारांनी पाडला. 2015 ला वेगळ्या नावाने मागितला, पाडला. 2016 ला युटिलिटी बिलांवर लावू म्हणाले, तेही पाडलं. शेवटी जुलै 2022 ला ते डिस्ट्रिक्टच कॉन फायरमध्ये, म्हणजे काउंटीच्या फायर डिस्ट्रिक्टमध्ये, विलीन झालं.

माझं मत, शिव्या घाला हवं तर: फायरचे पैसे लोकांना विचारून ठरवूच नयेत. निवडून दिलेल्या बोर्डाने ठरवावेत, वरची मर्यादा कायद्यात घालावी, विषय संपला. आग शेजाऱ्याकडे लागेपर्यंत आपण सगळे कंजूष असतो.

खडूस_काका:
वा रे बाळू, पैसे माझे आणि विचारायचं नाही? 1996 चं प्रपोझिशन 218 (प्रपोझिशन म्हणजे राज्यभर थेट मतदानाला टाकलेला कायदा) लोकांनीच मत देऊन आणलंय. खास कामासाठी बोर्डाला टॅक्स लावायचा तर दोन-तृतीयांश मतं मिळवा. पुण्यात आमच्या घरपट्टीच्या बिलात अग्निशमन कराचा रकाना होता, तो किती असावा हे मला जन्मात कोणी विचारलं नाही. इथे विचारतात तर तुला त्याचाच त्रास!
आणि बोर्ड बोर्ड काय करतोस, कॉन फायरचं बोर्ड म्हणजे काउंटीचे पाच सुपरवायझर, काउंटी चालवणारे लोकप्रतिनिधी. बसतात मार्टिनेझला, पाचातले बहुतेक तुझ्या भागातून निवडून येतही नाहीत. आधीचं डिस्ट्रिक्ट भिकेला लागलेलं असेल, पण शेवटची काही वर्षं त्याचं बोर्ड तुमच्यातूनच निवडून येत होतं, माणूस दुकानात भेटला तर तोंडावर विचारता तरी यायचं.

सॅन_रमोनची_सई:
तुम्ही दोघं चुकीच्या दारावर धक्के मारताय असं वाटतं. 1978 ला प्रपोझिशन 13 आलं, प्रॉपर्टी टॅक्सचा मूळ दर 1 टक्क्यावर बांधला गेला, आणि तो 1 टक्का शाळा, शहर, फायर वगैरेंमध्ये कसा वाटायचा ते साधारण त्या वेळच्या हिश्श्यांवरच गोठलं. तेव्हा ब्रेंटवूडला मक्याची शेतं आणि हौशी व्हॉलंटियर फायरवाले, त्यामुळे फायरचा वाटा चिमूटभर. नंतर हजारो घरं उठली पण वाटा तोच! आमच्या सॅन रमोन व्हॅलीला, याच काउंटीत, वेगळं फायर डिस्ट्रिक्ट आहे आणि वाटा तुमच्यापेक्षा कितीतरी मोठा. म्हणजे आम्ही जास्त शहाणे मतदार आहोत असं काही नाही हो, आम्हाला नशिबाने मिळालंय. हे ना बोर्ड एकट्याने बदलू शकतं ना इथले मतदार, ते मुख्यतः सॅक्रामेंटोच्या, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या हातात.

ब्रेंटवूडचा_बाळू:
सई, पटलं, पण सॅक्रामेंटो हलेपर्यंत इंजिन कुठून आणायचं?
काका, तुमचं लोकांना विचारणं म्हणजे कोणाला विचारणं? मी 2014 पासून इथे घरमालक आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत. टॅक्स पै न पै भरतो आणि मत शून्य. आमच्या गल्लीत अशी सहा घरं आहेत. दोन-तृतीयांश मोजताना आम्ही कुठेच नाही. बोर्डाची जाहीर सुनावणी असेल तर निदान माईकसमोर उभं राहून दोन मिनिटं बोलता तरी येतं, तिथे कोणी पासपोर्ट बघत नाही.

खडूस_काका:
हा मुद्दा मात्र खरा आहे, मानलं. तरी एक वेगळं करून बघ. इन्स्पेक्शन, इमारतींचे नकाशे तपासणं यांची फी बोर्ड आजही स्वतःच ठरवतं, त्याला निवडणूक लागत नाही, फक्त 2010 च्या प्रपोझिशन 26 मुळे खऱ्या खर्चापेक्षा जास्त घेता येत नाही. त्याला माझी ना नाही, ज्याचं काम त्याने भरावं. पण चोवीस तास स्टेशन उघडं ठेवायचा खर्च त्या फीतून निघत नाही, तो टॅक्सच, आणि टॅक्सला मी विचारल्याशिवाय हात लावू देणार नाही.
आणि बाळू, 2015 चं ते दुसरं नाव म्हणजे बेनिफिट असेसमेंट, मालमत्तेला होणाऱ्या फायद्यापोटी मालकाकडून घ्यायची रक्कम, होतं ना? त्याला दोन-तृतीयांश लागत नव्हतं. बॅलट पोस्टाने घरमालकांच्या नावाने येतं, सिटिझन असो नसो, ज्याला जास्त भरायचं त्याचं मत जड, आणि परत आलेले कागदच मोजतात. 2014 पासून घरमालक म्हणतोस, मग तुलाही आलं असणार. काय केलंस त्याचं?

ब्रेंटवूडचा_बाळू:
...आलं होतं.
फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलं होतं, पिझ्झाच्या कूपनशेजारी. बायको दोनदा म्हणाली सही करून टाक, मी म्हटलं शनिवारी बघतो. दिवाळीच्या साफसफाईत सापडलं.

सॅन_रमोनची_सई:
कूपन तरी वापरलं का? 😄