मदत हवी आहे : मिशिगनच्या जंगलात, तळ्याकाठी, आईसह तंबूत दोन रात्री

नमस्कार. डेट्रॉइटजवळ राहणारे आम्ही पाच जण सप्टेंबरमध्ये उत्तर मिशिगनच्या सरकारी जंगलातील तळ्याकाठच्या एका साध्या कॅम्पग्राउंडवर दोन रात्री तंबूत राहणार आहोत. तेथे वीज नाही, पाणी हातपंपाचे आणि शौचालय खड्ड्याचे; हे सारे आम्हाला मान्य आहे. सरपण घरून न्यायचे नाही, हेही ठाऊक आहे, कारण २००२ मध्ये डेट्रॉइट परिसरात सापडलेली, ॲशची झाडे पोखरणारी कीड अशाच लाकडातून दूरवर पसरली.

अडचण आईची आहे. ती पुण्याहून आली आहे, वय ६८, आणि जमिनीवरून उठताना तिला कोणाचा तरी हात लागतो. मागच्या वेळी हवेची गादी पहाटेपर्यंत पार बसली आणि गारवा थेट पाठीला लागला. तेव्हा घडीची खाट बरी, की जाड फोमची गादी? शिवाय, छोट्या शेगडीवर थालीपीठ लावले की त्याचा खमंग वास कपड्यांत मुरतो. अस्वलांच्या भागात अन्न गाडीत बंद ठेवणे पुरेसे आहे, की झोपण्यापूर्वी कपडेही बदलून गाडीतच ठेवावेत? (आईच्या मते अस्वलाला भाजणी आवडणारच.)

वडीलधाऱ्यांना घेऊन जे असे राहिले आहेत, त्यांनी कृपया अनुभव कळवावा.