ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) रेडिएटरचा फॅन लागण्याचं तापमान कमी करायचंय, मदत हवी आहे

पेट्रोल गाडी, दोन स्पीडचा इलेक्ट्रिक फॅन. थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) ८८ अंशांना उघडतो, पण फॅन थेट १०२ ला लागतो. ट्रॅफिकमध्ये काटा चढताना बघून जीव खालीवर होतो. कूलंट नवं, हवा काढली, सेन्सर बदलला, रिले तपासला. म्हणजे बिघाड नाही, सेटिंगच तसं आहे. वेगळा स्विच लावायचा जुगाड नकोय. ईसीयूमधली मूळ फाइल वाचून जपून ठेवलीय, त्यात स्लो स्पीडच्या तापमानांचं टेबलही सापडलं. ९६ ला चालू, ९१ ला बंद असं करणार आहे (बंदचा आकडा ८८ च्या खाली नेला तर फॅन थांबायचाच नाही). फास्ट स्पीडचे आकडेही तेवढेच खाली आणावे लागतील का? आणि फाइल परत टाकण्याआधी चेकसम (फाइलमधला डेटा बिनचूक आहे का हे पडताळणारा आकडा) बरोबर झालाय याची खात्री कशी करता?